पुण्याचा जुना बाजार : सांगायचा भाव आणि द्यायचा भाव

पुण्याच्या मंगळवार पेठेत, शाहीर अमर शेख चौकाच्या लगत, दर बुधवारी आणि रविवारी जो जुना बाजार भरतो, त्याविषयी लिहिताना बहुतेक लोक तिथे काय काय मिळते याची यादी देतात. ती यादी खरी असते. पितळी समयांपासून ड्रिल मशीनपर्यंत आणि बंद पडलेल्या कॅमेऱ्यांपासून सुताराच्या पटाशीपर्यंत तिथे सगळे मिळते. परंतु गेली नऊ वर्षे या बाजारात नियमाने जाणारी ग्राहक म्हणून मला वाटते, की नव्या माणसाला तिथे अडचण येते ती वस्तू सापडण्याची नव्हे, तर भाव समजण्याची. कोणत्याही वस्तूवर किंमत लिहिलेली नसते. विचारली की एक आकडा कानावर येतो, आणि त्या आकड्याचे काय करायचे हे ठाऊक नसल्यामुळे माणूस एक तर तेवढे पैसे देऊन मोकळा होतो, नाही तर आपल्याला फसवले जात आहे असे समजून पाय काढता घेतो. हे दोन्ही चुकीचे आहे, असे माझे अनुभवाअंती मत झाले आहे.

नव्या, पाकीटबंद वस्तूवर कमाल किरकोळ किंमत छापणे कायद्याने बंधनकारक असते आणि त्यामुळे आपल्या पिढीला किंमत म्हणजे छापलेला आकडा अशी सवय लागली आहे. जुन्या वस्तूला अशी छापील किंमत नसते. तिची किंमत त्या दिवशी, त्या दोन माणसांमध्ये ठरते, आणि विक्रेत्याने सांगितलेला पहिला आकडा हा त्या बोलण्याचा आरंभ असतो. बाजारातले लोक ‘सांगायचा भाव’ आणि ‘द्यायचा भाव’ असे दोन वेगळे शब्दप्रयोग अगदी सहज वापरतात, आणि त्यात लपवाछपवी आहे असे त्यांना वाटत नाही.

एक व्यवहार सविस्तर सांगते, म्हणजे हे नीट कळेल. दोन वर्षांपूर्वी मला तांब्याचे घंगाळ हवे होते. एका वयस्क विक्रेत्याकडे दोन कड्यांचे, जाड पत्र्याचे एक घंगाळ दिसले. त्यांनी ६,५०० रुपये सांगितले. मी माझ्याजवळचा हुकाचा छोटा काटा काढून ते तोलले, तर वजन ४ किलो २०० ग्रॅम भरले. त्या आठवड्यात तांब्याच्या मोडीचा भाव किलोला ७०० रुपयांच्या आसपास असल्याचे मी आधी विचारून ठेवले होते, म्हणजे ते घंगाळ वितळवायला दिले असते तरी त्याचे साधारण २,९०० रुपये आलेच असते. यापेक्षा कमी भावात कोणताही शहाणा विक्रेता ते मला देणार नव्हता, आणि मागणेही योग्य झाले नसते. दुसरीकडे, रविवार पेठेतल्या भांड्यांच्या दुकानात तेवढ्याच वजनाचे नवे घंगाळ मला साडेपाच हजारांच्या आत मिळत होते. म्हणजे सांगितलेला भाव नव्या भांड्याच्याही वर होता. मी तसे स्पष्ट बोलून दाखवले, तेव्हा त्यांनी शांतपणे घंगाळ उलटे केले आणि म्हणाले, ‘‘ताई, नव्याचा पत्रा बोटाने दाबून बघा आणि मग हा बघा.’’ त्यांचे म्हणणे खरे होते. नवे घंगाळ वजनाला तेवढेच असले तरी आकाराने मोठे होते आणि म्हणून त्याचा पत्रा पातळ होता.

मग मी बुडाजवळचा पोचा दाखवला आणि तांबट आळीत ते मठारून, म्हणजे हातोडीने ठोकून, घ्यायला किमान चारशे रुपये लागतील असे सांगितले. हा खर्च खरा होता. कसबा पेठेतले तांबट पेशवाईपासून हेच मठारकाम करत आले आहेत आणि माझे दोन तांबे त्यांच्याकडे होऊन आले होते, म्हणून मजुरी मला माहीत होती. मी ३,२०० म्हटले, ते ४,५०० वर आले. थोडा वेळ आम्ही दोघे काहीच बोललो नाही. शेवटी ३,८०० वर व्यवहार झाला आणि कापडात बांधून देताना त्यांनी ते घंगाळ कोणत्या प्रकारच्या घरातून आले हेही सांगितले. एक वाडा पडणार होता आणि वारसांनी सगळी भांडी एकगठ्ठा वजनावर देऊन टाकली होती.

या व्यवहारात माझ्या हाती तीन आकडे होते: खालची मोड, वरची नव्या वस्तूची किंमत आणि मधून वजा होणारा दुरुस्तीचा खर्च. माझ्या मते जुन्या वस्तूंच्या खरेदीत यापेक्षा अधिक हुशारीची गरज नसते. ज्याच्याजवळ हे तीन आकडे आहेत त्याला आवाज चढवावा लागत नाही, वस्तूला नावे ठेवावी लागत नाहीत आणि उठून जाण्याचे नाटकही करावे लागत नाही. ज्याच्याजवळ ते नाहीत तो मात्र ‘सांगितल्याच्या निम्म्याने मागावे’ असल्या ऐकीव नियमावर विसंबतो. हा नियम मला अत्यंत सदोष वाटतो, कारण घंगाळाच्या बाबतीत निम्म्याने मागितल्यावर ३,२५० हा ठीक आकडा आला असता, पण त्याच दिवशी शेजारी २०० रुपयांना सांगितलेला पाना आधीच मोडीच्या भावाजवळ होता आणि त्याचे शंभर मागणे हा विक्रेत्याचा अपमान ठरला असता.

सांगायचा भाव इतका वर का ठेवला जातो, हा प्रश्न मी अनेकदा मनाशी घोळवला आहे. या बाजारात येणारा माल बोहारणींकडून, भंगारवाल्यांकडून, रिकाम्या होणाऱ्या घरांतून आणि बंद पडलेल्या कारखान्यांतून येतो. विक्रेत्याने तो बहुधा ढिगाने किंवा वजनावर घेतलेला असतो, त्यामुळे ढिगातल्या एखाद्या नगाची नेमकी किंमत त्यालाही ठाऊक नसते. भांड्यांत मुरलेला माणूस जुन्या कॅमेऱ्याच्या भिंगाविषयी अनभिज्ञ असू शकतो. अशा वेळी तो वरचा आकडा सांगतो तो समोरच्याला काय माहीत आहे हे जाणून घेण्यासाठी. ग्राहकाने वस्तू कुठे धरली, आधी काय उलटून पाहिले, कोणता प्रश्न विचारला, यावरून त्याला आपल्याच मालाची माहिती मिळत असते. हे समजल्यावर मी विचारण्याची पद्धत बदलली. हवी असलेली वस्तू पहिल्यांदा न उचलता मी शेजारच्या दोन वस्तूंचा भाव विचारते; त्यातून त्या दुकानदाराच्या सांगण्याची पट्टी कळते. काही जण दुप्पट सांगतात, काही जण केवळ दहावा हिस्सा वर ठेवतात, आणि दोन-तीन जण असे आहेत की जे एकच भाव सांगतात आणि तोच घेतात. या शेवटच्या प्रकारातल्या माणसांशी घासाघीस करून मी आरंभीच्या वर्षांत त्यांना विनाकारण दुखावले, याची मला आजही खंत आहे.

भाव गुप्त ठेवण्याची ही रीत आपल्याकडे फार जुनी आहे. व्यापाऱ्यांची आणि दलालांची नंदभाषा नावाची एक सांकेतिक बोली होती आणि तिच्यात आकड्यांना वेगळीच नावे होती: तीनाला उधानू, पाचाला मुळू, दहाला अंगुळू. गुरांच्या बाजारात रुमालाखाली हातात हात घेऊन बोटांवरून भाव ठरत असे, तोही याच कारणाने, की तिसऱ्याला तो कळू नये. मंगळवार पेठेत आता रुमाल नाही, परंतु दुसरे गिऱ्हाईक जवळ उभे असताना अंतिम आकडा सहसा मोठ्याने सांगितला जात नाही. विक्रेता थोडा पुढे वाकतो आणि हळू आवाजात बोलतो. म्हणून शेजारी गर्दी असताना घासाघीस सुरू करू नये. सगळ्यांसमोर एकाला सूट दिली तर ती सगळ्यांना द्यावी लागेल, हे त्याला दिसत असते आणि तो अडून बसतो.

वेळेचाही भावावर परिणाम होतो. सकाळी पहिल्या गिऱ्हाइकाला परत पाठवायचे नाही अशी अनेकांची श्रद्धा असते आणि भवानी व्हावी म्हणून ते थोडे उतरतात. संध्याकाळी जड माल परत टेंपोत चढवावा लागू नये म्हणून ते उतरतात. ही सूट लोखंडी शिकंजा, शिवणयंत्राचा पाया, लाकडी पेटी अशा अवजड वस्तूंवर खूप मिळते, पण खिशात मावणाऱ्या घड्याळावर अजिबात मिळत नाही, कारण घड्याळ परत नेण्याला काही कष्ट नसतात. चांगला नग हवा असेल तर सकाळ आणि जड नग स्वस्तात हवा असेल तर संध्याकाळ, असे मी ठरवून टाकले आहे.

घड्याळांविषयी थोडे अधिक लिहिणे मला आवश्यक वाटते, कारण तिथे सांगायच्या भावाचा अर्थ लावताना सर्वाधिक चुका होतात. एचएमटीने जपानच्या सिटिझन कंपनीच्या सहकार्याने १९६१ साली बंगळुरूत घड्याळे तयार करायला सुरुवात केली आणि २०१६ साली केंद्र सरकारने एचएमटी वॉचेस ही कंपनी बंद करण्याचा निर्णय घेतला. तेव्हापासून ‘जनता’ आणि ‘पायलट’ या चावीच्या घड्याळांना संग्राहकांकडून मागणी आहे. मागणीबरोबर तबकडी पुन्हा रंगवलेली, दोन-तीन घड्याळांचे सुटे भाग जुळवून उभी केलेली घड्याळेही आली. मी असे एक घड्याळ जुन्या बाजारातून नव्हे, तर फोनवरच्या एका जाहिरातीतून, ‘किंमत ठाम, चौकशी नको’ असे लिहिलेले असताना, २,४०० रुपयांना मागवले होते. किंमत ठाम आहे म्हणजे विक्रेत्याला वस्तूची खात्री आहे, असा मी अर्थ घेतला आणि तो साफ चुकला. रविवारी जुन्या बाजारातल्या एका घड्याळवाल्या काकांना ते दाखवले तेव्हा त्यांनी भिंगातून पाहून मला दोन गोष्टी समजावल्या: मिनिटांच्या रेघा आणि तासांच्या खुणा एका ओळीत नव्हत्या, आणि तबकडीच्या खालच्या कडेची बारीक छपाई फिसकटलेली होती. मग त्यांनी स्वतःकडचे एक ‘जनता’ उघडून आतले यंत्र दाखवले, त्याची तबकडी मूळची आहे पण काच आणि चावीचे बटण बदललेले आहे हे न विचारता सांगितले, आणि भाव सांगितला १,८००. मी १,२०० म्हटले, त्यांनी १,४०० ला दिले. काच बदलल्याचे त्यांनी आपणहून सांगितले नसते तर मला ते कळलेही नसते.

समोरासमोरच्या घासाघिशीचा हा सर्वांत मोठा लाभ मला वाटतो. आकडा खाली येत असताना त्याच्यासोबत कारणेही बाहेर येतात. विक्रेता किंमत टिकवण्यासाठी वस्तूचे गुण सांगतो, ग्राहक उतरवण्यासाठी दोष सांगतो, आणि शेवटी दोघांनाही वस्तू पूर्ण कळलेली असते. फोनवरच्या खरेदी-विक्रीत नेमके हेच नाहीसे होते. गेल्या वर्षी मी माझे लाकडी कपाट अशाच एका ॲपवर विकायला ठेवले, ८,००० रुपये लिहिले आणि त्यापुढे ‘निगोशिएबल’ असा पर्याय निवडला. मला मनातून ६,५०० हवे होते. दोन दिवसांत जे तीस-एक संदेश आले त्यातल्या बहुतेकांत ‘लास्ट किती?’ एवढेच होते. कपाट सागाचे आहे का, दारे नीट लागतात का, जिना किती अरुंद आहे, यातले काही कोणी विचारले नाही. वस्तू न पाहता शेवटचा भाव विचारणाऱ्याला शेवटचा भाव सांगू नये, हे मी तेव्हा शिकले, कारण तो सांगितला की पुढच्या भेटीत तोच आरंभीचा भाव होतो आणि तिथून पुन्हा खाली उतरावे लागते. ‘आधी येऊन बघा, आवडले तर बोलू’ असे उत्तर द्यायला लागल्यावर चौघे जण आले आणि तिसऱ्याने ६,८०० ला नेले. एकाने आगाऊ रक्कम पाठवतो म्हणून क्यूआर कोड पाठवला आणि तो स्कॅन करून पिन टाका असे सांगितले. पैसे घेण्यासाठी पिन कधीही टाकावा लागत नाही, तो फक्त देण्यासाठी लागतो. हे मला ठाऊक होते म्हणून मी तिथेच थांबले.

ॲपवर खरेदी करणाऱ्यांना मात्र एक गोष्ट उपयोगी पडेल. पुण्यात घरभाड्याचे करार बहुधा अकरा महिन्यांचे असतात आणि घर सोडणारा माणूस महिनाअखेरीस कपाट, पलंग, कूलर विकायला काढतो. १० तारखेला ज्याने ९,००० सांगितले तोच २८ तारखेला, टेंपो दारात यायची वेळ झाली की, पाच हजारांवर समाधानी असतो. अशा वेळी त्याची अडचण पाहून आणखी खाली ओढणारे लोक आहेत. मला ते मान्य नाही. तारीख जवळ आली म्हणून कपाटाचे लाकूड बदलत नाही.

जुन्या बाजारात हाच मुद्दा अधिक टोचतो. जुन्या साड्या आणि स्टीलचे डबे घेऊन जमिनीवर बसणाऱ्या बायकांकडे वीस रुपयांचा डबा पंधराला मागणारी माणसे मी पाहिली आहेत, आणि ती माणसे मोटारीतून आलेली होती. ज्या वस्तूच्या सांगायच्या भावात मुळी जागाच नाही तिथे घासाघीस ही रीत नसून जुलूम आहे, असे मी ठामपणे म्हणेन. त्याचप्रमाणे, आपण मागितलेल्या भावाला विक्रेत्याने ‘घ्या’ म्हटले तर ती वस्तू घेतलीच पाहिजे. या बाजारात हा अलिखित नियम सगळे पाळतात. होकार मिळाल्यावर पाठ फिरवणाऱ्या ग्राहकाला पुढच्या खेपेस त्या ओळीत कोणी सरळ भाव सांगत नाही.

बाजाराच्या उणिवाही सांगायला हव्यात. पावती मिळत नाही, वस्तू परत घेतली जात नाही, आणि विजेवर चालणारे यंत्र सुरू करून दाखवण्याची सोय फार थोड्यांकडे असते; म्हणून न तपासलेल्या यंत्राला मी ते बंद आहे असे धरूनच भाव मागते आणि तसे विक्रेत्याला सांगतेही. सावली नाही, रस्त्यावर वाहनांची दाटी असते, आणि मे महिन्यात अकरानंतर तिथे उभे राहणे कठीण होते. जुना मोबाइल तिथे किंवा कुठेही घेताना *#०६# दाबून येणारा आयएमईआय क्रमांक, ‘केवायएम’ ही रोमन अक्षरे आणि त्यांच्यापुढे मोकळी जागा सोडून, १४४२२ वर संदेशाने पाठवावा. तो हँडसेट काळ्या यादीत आहे का हे उत्तरात कळते. स्वस्त भाव हा तिथे कधी कधी धोक्याची खूण असतो, आणि चोरीची आहे हे जाणून वस्तू घेणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१७ प्रमाणे गुन्हा आहे. दुचाकीचे भाव तर मी तिथे विचारतच नाही. नोंदणीपुस्तक, मालकी बदलाचे फॉर्म २९ आणि ३०, कर्जाचा बोजा उतरल्याचा फॉर्म ३५, हे सगळे समोर असल्याशिवाय वाहनाच्या कोणत्याही आकड्याला अर्थ नाही.

जाणाऱ्यांनी मेट्रोने मंगळवार पेठ स्थानकावर उतरून चालत जावे, कारण गाडी लावायला जागा मिळत नाही. सुट्या नोटा जवळ ठेवाव्यात. ३,८०० ठरल्यावर दोनशे रुपयांच्या सुट्यासाठी शोधाशोध करायला लागली की ठरलेल्या भावाची गोडी जाते. यूपीआय आता बहुतेकांकडे आहे, पण सगळ्यांकडे नाही. काटा, भिंग आणि एक लोहचुंबक पिशवीत असावे. पितळ म्हणून सांगितलेल्या लोखंडी वस्तूला चुंबक चिकटते आणि तेवढ्यापुरता वाद उरत नाही.

एकंदर बाजाराला मी पाचपैकी चार गुण देईन. एक गुण सावलीच्या आणि पाण्याच्या गैरसोयीचा कापला आहे. भावासाठी एकही कापावासा वाटत नाही.

गेल्या बुधवारी एका अवजारवाल्या दादांकडे इंग्लंडमधल्या शेफिल्डचा शिक्का असलेला लोखंडी रंधा दिसला. पाते गंजले आहे आणि मागच्या लाकडी मुठीला चीर आहे, पण तळ सपाट आहे. मी पट्टी लावून पाहिली. त्यांनी ९०० सांगितले, मी ५५० म्हटले, त्यांनी मान हलवून तो कापडावर परत ठेवला, पण कडेला नाही, मध्ये ठेवला. मुठीला सुतार शंभर रुपये घेईल आणि पाते मी स्वतः घासून घेईन. येत्या बुधवारी सकाळी मी परत जाणार आहे आणि ७०० पर्यंत देण्याची माझी तयारी आहे.